वेकेशनमध्ये टीनएजर मुलांना काहीतरी लावायलाच हवं का? बडोद्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी परीक्षा संपत आल्या की तेच तेच प्रश्न येतात, सोसायटीच्या ग्रुपवर, मंडळात, अगदी खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना सुद्धा, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. वय १३ ते १८ धरलंय, लहान मुलांचं वेगळं असतं. एकाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे नंबर दिलाय.

१. ताई, मुलगी आठवीतून नववीत गेली. वेकेशनमध्ये काहीच लावलं नाही तर चालेल का?

चालेल, पण दिवसात एक गोष्ट तरी ठरलेली असू द्या. एकच, ठरलेल्या वेळेची, जमलं तर घराबाहेरची आणि तिने स्वतः निवडलेली. बाकी दिवस मोकळा. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणाला तरी ते कमी वाटतं.

हिशोब करून बघा ना. गुजरात बोर्डाच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी साधारण ३५ दिवस असते (२०२५ मध्ये ५ मे ते ८ जून होती), त्यातून एक-दोन लग्नं, पाहुणे, पुण्या-मुंबईच्या चकरा वजा केल्या की हातात तीनेक आठवडे राहतात. तेवढ्यात स्विमिंग, कोडिंग, स्पोकन इंग्लिश आणि कीबोर्ड असं सगळं कोंबलं तर वर्षभर ट्यूशनच्या मागे धावणारी मुलगी मेमध्येही धावतच राहते, फक्त बॅग बदलते. आणि काहीच ठरलेलं नसेल तर झोप सरकते, जेवण सरकतं, आणि दुसऱ्या आठवड्यात मुलगीच म्हणते की मम्मी, आज कुठला वार आहे.

शिवाय या वयात शिकायची मोठी गोष्ट म्हणजे स्वतःचा वेळ स्वतः वापरणं. तीन-चार वर्षांत हीच मुलं हॉस्टेलला जाणार, तिथे कोण टाइमटेबल लावून देणार आहे? मोकळे तास हातात पडले, थोडे वाया गेले, की मगच ते जमायला लागतं.

२. 'ठरलेली गोष्ट' म्हणजे क्लासच लावायचा का?

क्लासच असला पाहिजे असं अजिबात नाही. रोज संध्याकाळी सहाला मित्रांबरोबर क्रिकेट, सकाळी आजोबांबरोबर कमाटीबागेत फिरणं, आठवड्यातून तीन दिवस तबला, एक दिवसाआड लायब्ररी, संध्याकाळचा स्वयंपाक पूर्ण त्याच्याकडे, हे सगळं चालतं. मी तीन गोष्टी बघते: वेळ ठरलेली आहे का, कुणीतरी त्याची वाट बघतं का (म्हणजे नाही गेला तर फोन येईल असं), आणि महिन्याच्या शेवटी त्याला आधी न येणारं काहीतरी येणार आहे का. तिन्ही असेल तर छान, दोन असलं तरी पुरे. यूट्यूब बघून गिटार शिकणार म्हणतो त्यात बहुतेक वेळा दुसरी गोष्ट नसते आणि म्हणूनच ते आठवड्यात बंद पडतं, त्यावर उपाय म्हणजे बरोबर एक मित्र घेणं.

३. रोज किती तास बरे?

एक ते दोन. खेळाची सिरियस तयारी चालू असेल तर जास्त, त्यासाठी प्रश्न १२ बघा. एक गोष्ट मात्र कुठल्याही क्लासशिवाय व्हायला हवी, ती म्हणजे शरीर हलणं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल सांगते, म्हणजे दम लागेल अशी. सुट्टीत शाळेपर्यंतची सायकल आणि पीटीचा तास दोन्ही बंद होतात, त्यामुळे हे ६० मिनिटांचं खातं एकदम शून्यावर येतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

४. अकरा वाजेपर्यंत झोपतो. उठवू का झोपू देऊ?

आधी आळशी म्हणणं थांबवा, प्लीज. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे त्यांना खरोखरच दहाला झोप येत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि शाळेच्या दिवसांत ती फार थोड्यांना मिळते. पहिला आठवडा झोपू दे, भरून निघू दे.

त्यानंतर मात्र रोजची उठायची वेळ साडेआठ-नवाच्या पुढे नको. झोपायची वेळ लादता येत नाही पण उठायची लावता येते, आणि आपल्याकडे मेमध्ये सकाळ गेली की दिवस गेला (प्रश्न ९). म्हणून ठरलेली गोष्ट शक्यतो सकाळची निवडा, मग रोज उठण्यावरून कटकट करावी लागत नाही. शाळा सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर उठवत आणा, आदल्या रात्री एकदम नको.

५. सुट्टीत सगळं विसरतात म्हणे, मग अभ्यास चालू ठेवायला नको का?

थोडं विसरतात, हे खरं आहे, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त. पण यावरचा बराचसा अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथे सुट्टी दोन-अडीच महिने असते, आपली पाच आठवड्यांची. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं, गेल्या वर्षीचं गणित, विशेषतः जे कच्चं राहिलंय तेवढंच, आणि रोज काहीतरी वाचन. पुढच्या वर्षीचे चार चॅप्टर आधीच संपवणाऱ्या वेकेशन बॅचची नववीपर्यंत मला तरी गरज वाटत नाही, कारण शाळेत तेच परत आलं की मूल वर्गात लक्ष द्यायचं सोडून देतं.

सीबीएसईवाल्यांचं थोडं वेगळं, त्यांचं नवीन वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं आणि हॉलिडे होमवर्क मिळतो. तो पहिल्या दहा दिवसांत रोज तासभर बसून उरकून टाकायचा. प्रोजेक्ट आपण करून द्यायचे नाहीत, थर्माकोल आणून द्यायचं फार तर.

६. दहावीची परीक्षा दिलीय. लोक म्हणतात आत्ताच अकरावी सायन्सचं कोचिंग लावा नाहीतर मागे पडेल. काय करू?

हा प्रश्न जितका येतो तितका दुसरा कुठलाच येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावी जूनमध्ये सुरू होते, म्हणजे ही सुट्टी नेहमीच्या दुप्पट मोठी. निकाल मेमध्ये लागतो. निकालाच्या आधी, मुलाने सायन्स घ्यायचं का कॉमर्स हे नीट ठरवायच्या आधी, दोन वर्षांची लाखाच्या घरातली फी भरून टाकणं याची मला खरंच काळजी वाटते. ॲडमिशन काउंटरवर 'आज भरलं तर डिस्काउंट' असं सांगतात आणि घाबरलेले आई-बाप भरतात.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यात १६ वर्षांखालच्या मुलाला, किंवा दहावीची परीक्षा व्हायच्या आधी, प्रवेश द्यायचा नाही असं लिहिलंय, रँकची किंवा मार्कांची गॅरंटी द्यायची नाही असंही आहे, आणि मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची असं आहे. फी भरायच्या आधी रिफंडचं लेखी मागा. देत नसतील तर तिथून उठा.

मग एवढे दिवस करायचं काय? पहिले तीन आठवडे काही नाही, वर्षभर दबून राहिलेलं पोर आहे ते. मग एक ठरलेली गोष्ट (प्रश्न १), आणि मे महिन्यात, सायन्स नक्की असेल तर, दहावीच्या गणितातलं बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की करणं, रोज तासभर. अकरावीचं फिजिक्स जड जातं ते बऱ्याचदा तिथल्या कच्चेपणामुळे. माध्यम बदलणार असेल, म्हणजे गुजराती मीडियममधून इंग्लिशमध्ये, तर मात्र भाषेची तयारी आत्ताच सुरू करा, त्यासाठी छोटा ब्रिज कोर्स लावलात तर माझी काही हरकत नाही, त्याचा खरा उपयोग होतो.

७. समर कॅम्प चांगला आहे हे कसं ओळखायचं? ब्रोशर सगळ्यांचे भारीच असतात.

ब्रोशर बाजूला ठेवा आणि स्वतः जाऊन उभे राहा, चालू बॅचच्या वेळी. मुलं काय करतायत बघा, एक जण शिकवतोय आणि पंचवीस जण फोन बघत बसलेत असं असेल तर कळेलच.

आता सेफ्टी. हे बोलायला कुणाला आवडत नाही पण बडोद्यात राहून आपण हे विसरू शकत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. त्याच वर्षी २५ मे ला, ऐन वेकेशनमध्ये, राजकोटला गेम झोनला आग लागून २७ जण गेले. म्हणून विचारा, न लाजता विचारा: पाण्यात नेणार का आणि प्रत्येकाला जॅकेट आहे का, बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठे आहे, फायरची एनओसी दाखवा, बस कुणाची, किती मुलांमागे एक मोठा माणूस, मुली असतील तर बाई कोण बरोबर आहे. रात्रीचा कॅम्प असेल तर मुलाला हवा तेव्हा घरी फोन करू देतात का. फोन बंद ठेवतात ते ठीक, पण ऑफिसमधून सुद्धा बोलू देत नाहीत तिथे पाठवू नका.

आणि मुलालाही आधी सांगून ठेवा, कुणी नको तसं वागलं, मग तो कोच असो की सीनियर मुलगा, तर ताबडतोब सांगायचं, आम्ही तुझ्यावर ओरडणार नाही. मुलग्यांनाही सांगा, त्यांना सांगायचं राहूनच जातं. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये असू दे.

८. बजेट नाही. फुकटात किंवा अगदी कमी पैशांत बडोद्यात काय आहे?

खूप आहे, आणि आपण जवळ राहतो म्हणून जात नाही एवढंच.

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली. वर काचेच्या फरश्यांचे मजले आहेत, लोखंडी रॅक आहेत, मराठी पुस्तकं भरपूर आहेत. एप्रिलमध्येच मेंबर करून टाका. कमाटीबागेतलं म्युझियम, निळ्या देवमाशाचा मोठा सांगाडा आणि इजिप्तची ममी लहानपणी सगळ्यांनी बघितलेली असते, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एक वही देऊन पाठवा, एकाच दालनात तासभर बसून चित्रं काढू दे, वेगळंच दिसतं. चित्रकलेची आवड असेल तर कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं दाखवा.

शरीरासाठी जुने आखाडे आहेत, दांडिया बाजारातलं माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर तर कितीतरी पिढ्यांना माहितीये. एसी जिमची मेंबरशिप घेऊन देण्यापेक्षा मल्लखांब किंवा साधे जोर-बैठका पंधरा वर्षांच्या अंगाला जास्त मानवतात असं मला वाटतं. आणि घरातलं काम मोजायला विसरू नका! वाळवण, लोणचं, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं, लाइट बिल. हे मुलग्यांसाठीही आहे.

९. एवढ्या उन्हात बाहेर कसं पाठवायचं?

साडेदहाच्या आत नाहीतर साडेपाचच्या नंतर. मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो, दुपारच्या बॅचला स्कूटरवर किंवा सायकलवर पाठवूच नका, मग क्लास कितीही चांगला असो. निघताना पाणी पिऊन निघायचं, आल्यावर ताक किंवा लिंबू सरबत. खेळताना चक्कर, उलटी, अंग तापलेलं आणि मूल असंबद्ध बोलतंय असं झालं तर सावलीत आडवं करा, ओलं फडकं, वारा, आणि १०८ ला फोन. थोड्या वेळात बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही.

पोहायचं फक्त लाइफगार्ड असलेल्या टँकमध्ये. विश्वामित्रीत मगरी आहेत हे पोरांना माहीत असतं, पण नर्मदा कॅनॉल आणि सिंधरोटला मही नदी, तिथे मित्रांच्या नादाने उतरतात आणि दर उन्हाळ्यात कुणाचं तरी मूल जातं. कॅनॉलच्या सिमेंटच्या उतारावर पाय टिकत नाही, पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही, हे नीट समजावून सांगा.

१०. आम्ही दोघं नोकरीला, तो दिवसभर घरी एकटा. मग तर दिवसभराचं काहीतरी लावावंच लागेल ना?

इथे माझं प्रश्न १ मधलं उत्तर थोडं बदलतं. चौदा-पंधराचं शहाणं मूल चार-पाच तास एकटं राहू शकतं, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, पाच आठवडे, हे एकटेपण जास्त होतं, मग ती जागा मोबाईल घेतो. तुमच्यासाठी दिवसात दोन ठरलेल्या गोष्टी धरा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, आणि मध्ये दुपारचं जेवण कुणाबरोबर तरी. शेजारच्या काकू, आत्या, मित्राचं घर. दोन-तीन घरांनी मिळून वार वाटून घेतले तर फार सोपं होतं, आज सगळे आमच्याकडे जेवणार, उद्या तुमच्याकडे. एकही रुपया न घालता हे होतं आणि मुलांना कॅम्पपेक्षा जास्त आवडतं.

दिवसातून एकदा फोन करा, पण 'काय करतोयस' विचारायला नको, ते चेकिंग वाटतं. 'कुकर लाव', 'पंप बंद कर' असं काहीतरी सोपवायला करा. बारा-तेराच्या मुलाला मात्र इतके तास एकटं ठेवू नका.

११. क्लासला ॲक्टिव्हा घेऊन जाते म्हणते, सोळा पूर्ण झालीत. देऊ का?

देऊ नका. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, ॲक्टिव्हा त्याच्या दुप्पट आहे. अठराच्या आत चालवताना पकडली तर २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे आई-वडिलांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सगळे देतात हे मलाही दिसतं. तरी देऊ नका. क्लास सायकलच्या अंतरावरचा निवडा, हे निवडतानाच ठरवायचं असतं.

१२. माझा मुलगा स्वतःच दिवसभर क्रिकेट अकॅडमीत असतो, सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन. जास्त होतंय का?

हजारे, किरण मोरे, इरफान-यूसुफ, पंड्या बंधू, या शहरातल्या प्रत्येक घरात हे स्वप्न आहे, आणि मूल मनापासून करत असेल तर त्याला थांबवू नका. फक्त बघा की आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी आहे का. एकाच ठिकाणी, खांदा, कंबर, गुडघा, दुखणं आठवडाभर टिकलं तर डॉक्टर, कोच 'खेळून निघेल' म्हणाला तरी. आणि रविवारी तो आनंदाने उठतो का सोमवारची चिंता करत उठतो, याच्याकडे लक्ष ठेवा. मुलाचा उत्साह संपला आणि वडिलांचाच राहिला असं होतं कधीकधी.

१३. दुकानात बसवलं किंवा कुठे पार्ट टाइम काम लावलं तर?

मला ही कल्पना फार आवडते. पण कायदा माहीत हवा. १४ च्या आत नोकरी बंद, फक्त घरच्या धंद्यात, सुट्टीत, धोका नसलेली मदत चालते. १४ ते १८ मध्ये फटाके, ज्वलनशील माल, खाण अशी धोक्याची कामं बंद. बाकी कामातही सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती आणि संध्याकाळी सातनंतर काम नाही. घरच्या दुकानात बसवलंत तरी थोडे पैसे द्या, आणि ते कसे खर्च करतो त्यात बोलू नका.

१४. फी भरली आणि चौथ्या दिवशी म्हणते मला नाही जायचं.

आधी कारण विचारा, एकटीत. कुणी त्रास देतंय, कोच अंगचटीला येतो, असं काही असेल तर त्याच मिनिटाला बंद, फी गेली तरी चालेल (प्रश्न ७). नुसतं कंटाळवाणं असेल तर आठ वेळा जाऊन बघायचं आणि मग तिने ठरवायचं, हे भरतानाच बोलून घ्या. आठनंतर नको म्हणाली तर खरंच ऐका, नाहीतर पुढच्या वर्षी ती काहीच निवडणार नाही.

१५. काहीच करायला तयार नाही. खोलीतून बाहेर येत नाही, मित्रही सुटले. कॅम्पला घातलं तर सुधारेल का?

थांबा, हा सुट्टीचा प्रश्न नसू शकतो. आठवडाभर लोळणं नॉर्मल आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास किंवा सारखा चिडलेला, आधी आवडायचं त्यातही रस नाही, झोप किंवा भूक एकदम बदललेली, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलतो, तर समर कॅम्प हे त्याचं औषध नाही. फॅमिली डॉक्टरला दाखवा, ते पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतील. टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ सरकारी आहे, फुकट आहे, दिवस-रात्र चालू असते, पालकही फोन करू शकतात. मरण्याबद्दल बोलला तर 'नाटकं करतोय' म्हणू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. बोर्डाच्या निकालाच्या आठवड्यात तर विशेष सांभाळा.

१६. मोबाईल किती वेळ?

या वयाला तासांचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. झोप पूर्ण, तासभर हालचाल, ठरलेली गोष्ट झाली आणि जेवताना फोन नाही, हे चार होत असेल तर उरलेल्या वेळाबद्दल मी भांडणार नाही. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही.

१७. इंग्लिश मीडियममध्ये आहे, मराठी बोलतो पण वाचता येत नाही. वेकेशनमध्ये क्लास लावू का?

क्लासची गरज नाही, शाळेत हिंदी शिकलाय म्हणजे लिपी येते, अडतो तो ळ आणि वेगावर. गुजराती वाचणाऱ्याला तर वरची रेघ दिसायला लागली की अर्धं काम झालं. रोज पंधरा मिनिटं आजीला मोठ्याने वाचून दाखवायचं, आधी क्रिकेटची बातमी, मग छोटी गोष्ट. आजीचे डोळे कमजोर असतील तर अजून चांगलं, म्हणजे त्याच्या वाचण्याची खरंच गरज असते. चुका मध्येच सुधारू नका, पान संपल्यावर दोनच सांगा. आजी गावाला असेल तर व्हिडिओ कॉलवर वाचू दे, संध्याकाळी, तिची मालिका सुरू व्हायच्या आधी.